कालवांच्या शिंपल्यांचं पाणी

मुरुगवाड्यात बाबाजी सोनू शिवलकरांना पुऱ्या नावानं कुणी हाक मारल्याचं ऐकिवात नाही. लहानपणी ते बाबल्या होते. मुंबईला एका मेडिकल कॉलेजात हमाल म्हणून लागले तेव्हा बाबाजी झाले, आणि १९३१ साली कायमचे घरी परतले तेव्हा वाडीनं त्यांना बेडूकबाबा करून टाकलं. त्यांना राग यायचा नाही. नाव खोटं नव्हतं. एकोणीस वर्षं त्यांनी त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत बेडकांची हृदयं काढली होती, काचेच्या नळ्यांवर बांधली होती आणि होऊ घातलेल्या डॉक्टरांपुढे ठेवली होती. आता ते रिकामे होते आणि घरच्या पडवीत बसून समुद्राकडे बघत होते.

परत येण्याचं कारण त्यांच्या हातात होतं, अगदी शब्दशः. उजव्या हाताची बोटं थरथरायला लागली होती. वर्षभर त्यांनी ते लपवलं. धागा बांधताना कोपर टेबलाला टेकवायचे, श्वास धरायचे, आणि गाठ बसली की मगच सोडायचे. मग एके दिवशी वर्गभर पोरांसमोर गाठ तीनदा सुटली. त्यांचे साहेब, डॉक्टर दस्तूर, पलीकडच्या टेबलाशी होते. त्यांनी ते पाहिलं. संध्याकाळी सगळे गेल्यावर त्यांनी बाबाजींचा हात आपल्या हातात घेतला, दिव्याखाली धरला आणि विचारलं, "किती दिवस झाले?"

"साहेब, साल झालं."

"मला सांगितला नाय तू."

"सांगून काय करणार होतात?"

दस्तूर साहेब पारशी गृहस्थ होते, उंच, कडक, करकरणारे काळे बूट घालणारे. त्या दिवशी ते जिन्यापर्यंत बाबाजींना सोडायला आले. एकोणीस वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं होतं.

घरी आल्यावर पहिले काही महिने बाबाजींना कशाची आठवण यायची, तर वासाची. काजळी, व्हर्निश आणि ओल्या दगडी फरशीचा तो वास. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन ते चकचकीत कागद गुंडाळलेले ढोल धुरकट ज्योतीवर फिरवायचे. कागद काळाभोर झाला की ढोल घड्याळाच्या यंत्रावर चढवायचा. समोर काडीची तरफ. तरफेला धागा, धाग्याला हृदय. हृदय आखडलं की काडी उचलायची, सैल पडलं की खाली यायची, आणि फिरत्या काळ्या कागदावर पांढरी नागमोडी रेघ उमटत जायची. डोंगर, दरी, डोंगर, दरी. वीस टेबलांवर वीस रेघा. बाबाजींना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण ती रेघ ते पोथीसारखी वाचत.

आणि त्या वाचण्यावरूनच १९२४ सालची ती गोष्ट घडली होती. परीक्षेचा दिवस होता. दोन टेबलांवरची हृदयं मंदावू लागली. पोरं रडकुंडीला आली. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, बेडूक जुने असतील, थकलेले असतील. बाबाजी मागे उभे होते. थकलेलं हृदय कसं वागतं ते त्यांना पाठ होतं. ते ठोके चुकवतं, मधेच अडखळतं. हे तसं नव्हतं. ठोका अगदी वेळच्या वेळी पडत होता, फक्त दर वेळी डोंगर थोडा बुटका होत होता. त्यांच्याच्यानं राहवलं नाही.

"साहेब," ते हळूच म्हणाले, "बेडूक चांगले हायत. पाण्यात चुना नाय."

चुना म्हणजे कॅल्शियम. हृदयावर सोडायच्या पाण्यात मीठ असतं, आणखी दोन क्षार असतात आणि चिमटीभर कॅल्शियम असतं. बाबाजी त्याला चुनाच म्हणत. दस्तूर साहेबांनी त्या टेबलांचं पाणी बदलायला लावलं. पाच मिनिटांत दोन्ही काड्या उड्या मारायला लागल्या. नव्या हमालानं एका बाटलीत कॅल्शियम घालायचं विसरून ठेवलं होतं.

त्या संध्याकाळी साहेबांनी बाबाजींना खुर्चीवर बसवलं. आपल्या समोर, खुर्चीवर. आणि त्यांना चाळीस वर्षांपूर्वीची विलायतेतली हकीकत सांगितली. तिथला एक डॉक्टर असेच बेडकांच्या हृदयांवर प्रयोग करीत होता. नुसत्या मिठाच्या पाण्यात हृदयं तासन्‌तास चालत होती. पुढे कळलं की त्याच्या मदतनिसानं शुद्ध पाण्याऐवजी नळाचंच पाणी वापरलं होतं. डॉक्टरनं खरं शुद्ध पाणी वापरलं तर हृदयं बंद! तेव्हा शोध लागला की नळाच्या पाण्यात जो चुना होता, त्याच्यावर हृदय चालत होतं.

"म्हणजे हमालाची चूक?" बाबाजींनी विचारलं.

"हमालाची चूक, साहेबाचा शोध," दस्तूर हसले. मग त्यांनी आपली मूठ उघडून, मिटून दाखवली. "हे बघ. हृदय म्हणजे बारीक तंतूंची जुडी. प्रत्येक तंतू आखडते, सैल होते. आखडायला कॅल्शियम पाहिजे. नाय मिळाला, तर तंतू सैलच राहते, हात असा उघडा. जास्ती झाला, तर आखडलेला सुटतच नाय, मूठ बंद. बरोबर तेवढाच पाहिजे."

"पण का साहेब? चुन्यानं तंतू का आखडतो?"

"ते मला ठाऊक नाय. अजून कोणालाच ठाऊक नाय."

एवढा मोठा माणूस आपल्यासमोर ठाऊक नाही म्हणतो, याचं बाबाजींना फार अप्रूप वाटलं. घरी परत आल्यावर त्यांनी ही गोष्ट बायकोला, सगुणाबाईंना, किती वेळा सांगितली असेल त्याची गणती नाही.

सगुणाबाईंना त्यात गोडी नव्हती. लग्नानंतरचं सगळं आयुष्य त्यांनी या घरात एकटीनं काढलं होतं. नवरा वर्षातून एकदा होळीला बोटीनं यायचा, महिनाभर राहायचा, जायचा. सासू त्यांनी सांभाळली, सासूचं शेवटचं दुखणं त्यांनी काढलं, पाणी शेंदून अबोलीचे वाफे त्यांनी जगवले. अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, करण्यात त्यांचा हात वाडीत कुणाला यायचा नाही. केळीच्या सोपाच्या धाग्यात फुलांचे देठ इतक्या झरझर अडकवायच्या, की बघणाऱ्याला बोटं दिसायची नाहीत, नुसता वळेसर लांबताना दिसायचा. आणि आता हा माणूस कायमचा घरी आला होता, तर दिवसभर बेडकांचं बोलत होता.

"अवो, जेवताना तरी नको," त्या म्हणायच्या. "मेल्या बेडकाचं काळीज आनि माज्या ताटातला भात."

बाबाजी गप्प व्हायचे. पण विसरायचे नाहीत. अर्ध्या तासानं पुन्हा सुरू, "नळी कशी बांधायची ठाव हाय? मानेखाली. दोनदा फिरवायचं आनि मग..."

१९३२ च्या श्रावणात आगाशे मास्तर त्यांच्याकडे आले. मास्तर हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. तिशीतले, जाड भिंगांचा चष्मा, छत्री कायम मोडकी. मॅट्रिकच्या मुलांना शरीरशास्त्र होतं, पण हृदय शिकवायचं ते भिंतीवरच्या चित्रावरून. पेठेत कुणीतरी त्यांना बेडूकबाबाचं सांगितलं होतं.

"शिवलकर, तुम्ही मुलांना हृदय चालताना दाखवाल का?"

बाबाजींनी आपला हात पुढे केला. बोटं थरथरत होती. "ह्या हातानं?"

"हात मी देतो. तुम्ही सांगा."

शाळेत बेडूक कापायला हेडमास्तरांनी हात जोडले, आईबापांच्या तक्रारी येतील म्हणाले. तेव्हा बाबाजींच्या पडवीतच करायचं ठरलं. बेडकांची ददात नव्हती. शेतं भरलेली होती आणि सांज झाली की बेडूक कान किटवत होते. तरफेसाठी बाबाजींनी माडाच्या झावळीचा हीर तासून तासून केसासारखा केला, बुचात सुई खोचून त्यावर तोलला. काचेची नळी मास्तरांनी शाळेच्या दिव्यावर तापवून, ओढून बारीक केली. मीठ होतं, बाकीचे क्षार शाळेच्या कपाटात होते. राहिलं कॅल्शियम.

"त्याची बाटली होती आपल्याकडे," मास्तर म्हणाले आणि एकदम ओशाळले. "जून महिन्यात कपाट साफ केलं तेव्हा एका बाटलीत नुसतं चिकट पाणी होतं. लेबलही गळून पडलेलं. मी ती ओतून, धुऊन ठेवली."

बाबाजींनी कपाळावर हात मारला. "मास्तर, तोच चुना व्हता. त्याला ओल सहन होत नाय. बूच सैल राहिला की हवेतलं पाणी पितो आनि स्वताच पाणी होतो."

मुंबईहून मागवावं तर बोटी बंद. नारळी पौर्णिमा झाली तरी दर्या खवळलेलाच होता. टपालानं, घाटावरून फिरून येईपर्यंत बेडूक आणि शाळेची चाचणी दोन्ही उरकली असती. मास्तर निघायच्या बेतात होते. तेवढ्यात राजिवड्याची कालवंवाली हमिदा टोपली घेऊन दारात आली. पावसाळ्यात होड्या बंद असल्या तरी खाडीच्या खडकांवर कालवं मिळायची. सगुणाबाईंनी तिला परसात बसवलं आणि ती कोयतीनं कालवं फोडायला लागली. शिंपल्यांचा ढीग पडू लागला. बाबाजी तिकडे बघत राहिले.

"मास्तर, शिंपला म्हणजे चुनाच की. तुमच्याकडे मिठाचं अॅसिड हाय?"

"आहे की! हायड्रोक्लोरिक आहे." मास्तरांच्या डोक्यात प्रकाश पडला. "शिंपला त्यात विरघळला की कॅल्शियम क्लोराइडच होणार! भाजून चुना करायचा का?"

"भाजायचा नाय. भाजलेला चुना जाळतो. कच्चाच कुटायचा, आनि अॅसिड पिऊन संपेस्तोवर घालीत राहायचा. तळाशी शिंपला शिल्लक राह्यला, फेस थांबला, की समजायचं अॅसिड संपलं."

सगुणाबाईंच्या उखळात शिंपले कुटले गेले, हा त्या घरातला एक मोठा तंटा होता. पण शिंपल्यांचं पाणी झालं, फडक्यातून गाळून एका दौतीच्या बाटलीत भरून ठेवलं. किती कडक झालंय ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. मोजायला तराजू नव्हता. थेंबाथेंबानंच बघावं लागणार होतं.

रविवारी सकाळी मास्तर अकरा मुलांना घेऊन आले. सगुणाबाईंनी चहा ठेवला. तिघांनी घेतला, बाकीच्यांनी घरून घेऊन आल्याचं सांगितलं. सगुणाबाई समजल्या, जात आडवी येत होती. आत जाऊन त्या दाराआड अबोली घेऊन बसल्या. "मी काय बघायची नाय," असं त्यांनी आधीच बजावलं होतं.

मास्तरांनी सांगितल्याबरहुकूम सुई घालून बेडकाचा मेंदू निकामी केला, छाती उघडली. लालसर हृदय उडत होतं. मुलं वाकली. इथवर ठीक झालं. आता मागच्या शिरेत नळी सरकवून धागा बांधायचा होता. बाबाजींनी हट्टानं धागा हातात घेतला. कोपर टेकवलं, श्वास धरला. गाठ सुटली. पुन्हा. पुन्हा सुटली. मास्तरांनी करून पाहिलं, त्यांचं बोट जाड, नळीच बाहेर आली. बेडकाचं हृदय एकेक ठोका टाकत होतं. मुलांत कुजबुज सुरू झाली. साहेबांच्या टेबलाशी गाठ सुटली तो दिवस त्यांना जसाच्या तसा आठवला.

"सरका."

सगुणाबाई पदर खोचून उभ्या होत्या. अबोलीचा धागा अजून त्यांच्या बोटाला होता. तो त्यांनी काढून ठेवला आणि रेशमी धागा घेतला. "नळीच्या मानेखाली ना? दोनदा फिरवून?"

बाबाजींनी मान हलवली.

दोन बोटं फिरली, गाठ बसली. सगुणाबाईंनी पाण्याखाली हात धरले, नाकाला पदर लावला, पण आत गेल्या नाहीत. तिथेच खांबाला टेकून बसल्या.

हृदय नळीवर टांगलं, त्याच्या टोकाचा धागा हिराला बांधला, आणि हीर हलायला लागला. वर, खाली, वर, खाली. आधी बाबाजींनी उंच धरलेल्या लोटीतून नळीत बिनचुन्याचं पाणी सोडलं, पन्हळीखाली धरलेलं पावसाचं, त्यात मीठ आणि बाकीचे क्षार. हीर हलत राहिला. "काही होत नाही," एक मुलगा म्हणाला. बाबाजी म्हणाले, "हिराच्या टोकाकडे बघ." टोक मागे लावलेल्या आखीव कागदावर पाच रेघा चढत होतं. मग चार. मग तीन. ठोका वेळेवर, उंची कमी. मग टोक नुसतं थरथरलं, आणि थांबलं.

"मेला," कुणीतरी म्हणालं.

"मेला नाय. मोकळा पडलाय. वाट बघतोय."

बाबाजींनी दौतीच्या बाटलीतले दोन थेंब पाण्याच्या लोटीत टाकायला मास्तरांना सांगितलं. पाणी नळीतून खाली आलं. श्वासभर काही नाही. मग हीर एक रेघ हलला. मग दोन. मग तो असा उडायला लागला की मुलं ओरडलीच. मास्तर तर भान विसरले. त्यांनी बाटली उचलली आणि बाबाजी नको नको म्हणेपर्यंत सरळ धारच धरली. हीर वर गेला, आणखी वर गेला, जेमतेम खाली आला, पुन्हा वर गेला, आणि वरच राहिला. हृदय चिंचोक्याएवढं आवळून पांढुरकं झालं होतं.

"मास्तर! मूठ बंद झाली ना!" बाबाजी कडाडले. मुलांसमोर मास्तरांवर ओरडलो हे त्यांच्या गावीही नव्हतं. "धुवा! बिनचुन्याचं पाणी सोडा. सोडत राहा."

बराच वेळ गेला. कौलांवरून पागोळ्या गळत होत्या. मग टोक हळूहळू उतरायला लागलं. बाबाजींनी नव्या लोटीत एकच थेंब टाकवला. हीर हलला. पुन्हा हलला. पुढचे दोन तास तो हलत होता. मुलांनी हातात घड्याळ धरून ठोके मोजले, वह्या भरल्या, तरी कुणी उठायला तयार नव्हतं.

"ह्याला जिता म्हणायचा की मेलेला?" सगुणाबाईंनी मधेच विचारलं. मास्तर मुलांकडे बघू लागले, मुलं मास्तरांकडे.

रात्री जेवताना सगुणाबाईंनीच विषय काढला. "मुंबैला रोज हेच करीत व्हतात?"

"रोज."

"मंग पत्रात कधी लिवलंत नाय."

"काय लिवणार? आज काळीज चांगलं उडलं म्हणून? नि तुला पत्र वाचून दाखवणार तो पोस्टमन. तो काय म्हणला असता?"

"म्हणला असता काय म्हणायचं ते," सगुणाबाई म्हणाल्या. "लिवायचं व्हतं."

बाबाजींनी भाताकडे बघितलं. मुंबईच्या सगळ्या वर्षांत त्यांनी दरमहा एक पत्र धाडलं होतं. सगळे खुशाल, पावसाचं काय, आईची तब्येत कशी. दुसरं काही त्यात कधी गेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मास्तरांकडून दस्तूर साहेबांना पत्र लिहून घेतलं. सगळी हकीकत, शिंपल्यांपासून बायकोच्या गाठीपर्यंत. दर्या निवळून बोटी सुरू झाल्या तशी आश्विनात एक लाकडी पेटी आली. आत भुशात बसवलेल्या सहा काचेच्या नळ्या, मेण लावून बंद केलेली कॅल्शियमची बाटली, आणि चिठ्ठी. चिठ्ठीत साहेबांनी शिंपल्यांच्या पाण्याची एक बाटली मागितली होती, आणि खाली एक ओळ होती: गाठ मारणाऱ्या बाईंना माझा नमस्कार. मास्तरांनी ती ओळ वाचून दाखवली तेव्हा सगुणाबाई म्हणाल्या, "पुन्यांदा वाचा." त्यांना ऐकू आलं नव्हतं असं नाही.

बाबाजींनी बाटली पाठवली. बोटीत चढणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या हातात स्वतः पडावातून बोटीपर्यंत जाऊन दिली. साहेबांनी तिचं काय केलं ते कळलं नाही. पुढे १९३५ साली मास्तरांनी वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी वाचली, दस्तूर साहेब वारल्याची. बाबाजी त्या दिवशी पडवीतून हलले नाहीत. संध्याकाळी सगुणाबाई शेजारी येऊन बसल्या, तेव्हा ते साहेबांच्या बुटांबद्दल बोलले. जिन्यावर करकर ऐकू आली की वीस टेबलांवरची पोरं कशी ताठ व्हायची, आणि संध्याकाळी साहेब एकटे असले की तेच बूट काढून मोज्यांवर कसे फिरायचे. सगुणाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

दर श्रावणात पडवीत वर्ग भरायचा ठरूनच गेला. मुलं बदलायची. चहा घेणारी मुलं तिघांची पाच झाली, पाचांची आठ. सगुणाबाई आता बेडूकही स्वतः उघडायच्या, मास्तरांच्या हातून व्हायचा त्याहून नेटका. शाळेच्या कपाटात मेणबंद बाटली होती, तरी त्या शिंपल्यांचंच पाणी करायच्या. त्यासाठी जुनं फुटकं उखळ त्यांनी वेगळं काढलं होतं.

१९३७ सालचा तो रविवार बाबाजींना नंतरही चांगला आठवायचा. त्यांचे दोन्ही हात आता थरथरत. ते बाकावर बसून मुलांना परीक्षेच्या दिवसाची हकीकत सांगत होते. बुटका होत जाणारा डोंगर आला, विलायतेतला हमाल आला, खुर्ची आली. खुर्ची कशी होती, वेताची की लाकडी, इथे ते रमले. त्यांच्या डोळ्यांपुढे ती खोली उभी होती, खिडकीतून तिरपा पडलेला उजेड, टेबलावरचे काळे ढोल. मुलं तोंड उघडी टाकून ऐकत होती. कुणाचंच हिराकडे लक्ष नव्हतं.

"अवो," सगुणाबाई लोटी उंच धरून म्हणाल्या, "काळीज कवाचं थांबलंय. माजे दोनी हात गुंतलेत. थेंब तुम्ही टाकताव का?"

"मी टाकतो," बाबाजी म्हणाले, आणि बाटली घ्यायला उठले.